मेन रोडमागच्या बोळातलं मसाल्याचं दुकान, परदेशात राहायला जाणाऱ्यांनी आधी इथे जा

मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत २४ वर्षं गणित शिकवलं, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि टांझानियात दोन वर्षांसाठी व्हॉलंटियर टीचर म्हणून गेले. व्हॉलंटियर म्हणजे पगार नाही, राहायला दोन खोल्या आणि खाण्यापिण्यापुरता भत्ता. त्यातलं एक वर्ष झालं, आत्ता डिसेंबरच्या सुट्टीत घरी आलेय, जानेवारीत शाळा सुरू होते तेव्हा परत जाईन (तिकडे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि डिसेंबरच्या आत संपतं). आल्यापासून ओळखीतले, मैत्रिणींची मुलं, कोणी कुठे चाललेलं, कोणी कुठे, सगळे विचारतायत की तयारी काय केली, काय काय नेलं, करमलं का. प्रत्येकाला मी आधी या दुकानाबद्दल सांगते, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते.

दुकानाचं नाव लिहीत नाहीये, दुकानाच्या मालक काकांनीच नको म्हणून सांगितलंय, माल घरी होतो आणि गर्दी झाली तर पुरत नाही म्हणतात. नाशिकला रविवार कारंज्यावरून मेन रोडला लागलात की मागच्या बोळांमध्ये कुठल्याही बाईला विचारा, डंक (मसाला कुटायचं यंत्र) कुठाय, ती दाखवेल. दुकान म्हणजे पुढे आठ बाय दहाची जागा, पोती, बरण्या, तराजू, आणि मागे डंक. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून न्यायला बायका आपापल्या मिरच्या भाजून डब्यात घालून रांगेत बसलेल्या असतात, तेव्हा बोळाच्या तोंडालाच ठसका लागतो. मी गेले तेव्हा गेल्या वर्षीचा डिसेंबर होता, थंडी होती, डंक बंद होता आणि काका उन्हाच्या तिरिपीत बसून दगडफूल निवडत होते.

त्याच्या आधी मी दुसरीकडे जाऊन आले होते, तेही सांगायला हवं. शहरातल्याच एका मोठ्या चकचकीत दुकानात परदेशी जाणाऱ्यांसाठी तयार पॅक मिळतो, मी घाईत होते, घेऊन टाकला. सहा किलोचा तो पॅक, थालीपिठाची भाजणी, रेडी टू ईट भाज्या, तूरडाळ, पोहे, गूळ, लोणच्याची काचेची बरणी. मी कुठे चाललेय, किती दिवसांसाठी, कोणी एक शब्द विचारला नाही. लोणच्याची बरणी बॅगेत फुटली, माझे दोन ड्रेस आणि नववीची भूमितीची पुस्तकं तेलात भिजली, तो वास अजून त्या पुस्तकांना आहे. भाजणीला एप्रिलच्या पावसात जाळी लागली, मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस असतो, त्याला मासिका म्हणतात, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तूरडाळ आणि गूळ तर न्यायलाच नको होता, ते पुढे येईलच.

तर काकांकडे गेले ते फक्त काळा मसाला आणि हिंग घ्यायला. म्हटलं दोन किलो काळा मसाला द्या, दोन वर्षं पुरला पाहिजे. काकांनी तराजूला हात लावला नाही. म्हणाले, "ताई, कुठे चाललात?" मी म्हटलं टांझानिया, तर ते उठले आणि कोपऱ्यातल्या पोत्यातून मूठभर लवंग काढून माझ्यापुढे धरली. "ही झांजीबारची. आजोबांपासून आमच्याकडे येते. झांजीबार तुमच्या त्या देशातच ना?" मला इतकं बरं वाटलं, घरात आणि बाहेर तोपर्यंत सगळ्यांनी फक्त भीतीच घातली होती, कुठे चालली आफ्रिकेत या वयात, आणि इथे एक माणूस त्या देशाचा माल रोज हातात घेऊन विकतोय. (झांजीबार बरोबर आहे, १९६४ साली टांगानिका आणि झांजीबार एक झाले त्याचा टांझानिया झाला.)

मग प्रश्न सुरू झाले. एकट्या राहणार की कोणी सोबत आहे. स्वयंपाक गॅसवर की कोळशावर. पाऊस कधी असतो. विमान कुठे बदलणार, दुबईवरून जाणार असाल तर मसाल्यात खसखस नको, तिकडे बंदी आहे, धरतात. तिथले लोक तिखट खातात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे पिकतं काय. मला यातली दोनच उत्तरं येत होती. एकटीच राहणार आणि विमान अदिस अबाबाला बदलणार. काका म्हणाले, "मग आधी विचारून या. आज देत नाही." खरंच दिला नाही. मी रागावले नाही पण जरा गोंधळले, गिऱ्हाईक दारात उभं आणि दुकानदार परत पाठवतोय, असं आता कोण करतं.

घरी येऊन शाळेच्या हेडमास्तरांना मेल केला की तुमच्याकडे लोक रोज काय खातात. मला ज्या संस्थेने पाठवलं त्यांच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये हे आलंच नव्हतं, तिथे सगळा वेळ सुरक्षितता, विमा आणि फॉर्म यांच्यात गेला. रेसिडेन्स परमिट कुठलं लागतं तेसुद्धा आधी चुकीचं सांगितलं होतं, व्हॉलंटियर, विद्यार्थी, मिशनरी यांना तिकडे क्लास सी परमिट असतं, मला नोकरीचं म्हणजे क्लास बीचं सांगून कागद दोनदा करायला लावले. हेडमास्तरांचं उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी आलं, सहा शब्दांची यादी. महिंदी, महारागे, म्बाझी, न्दिझी, म्चिचा, उलेझी. एकेका शब्दाचा अर्थ शोधला, कागदावर लिहिला आणि तो कागद घेऊन परत काकांकडे. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मका. राजमा. तूर. केळी. माठ. नागली (म्हणजे नाचणी). आणि मोठ्याने म्हणाले, "अहो ताई, मग तुम्ही चाललात कुठे, सुरगाण्याला?" सुरगाणा म्हणजे आमच्या नाशिक जिल्ह्यातलाच नागलीचा तालुका.

त्या वाक्याने माझी अर्धी भीती गेली, खरं सांगते.

मग त्यांनी काय दिलं आणि काय दिलं नाही ते लिहिते, कारण यातच त्या दुकानाची किंमत आहे. नागलीचं पीठ, सत्त्व दिलं नाही. तूरडाळ दिली नाही. (मी सांगितलं की पॅकमध्ये आलीये, तर म्हणाले आली तर आली, आता अजून नको.) काळा मसाला दोन किलो मागितला होता, अर्धा किलो दिला, आणि तो बिनमिरचीचा. धने, खोबरं, दगडफूल, मसाला वेलची, दालचिनी, लवंग सगळं नेहमीसारखं, खसखस नाही, मिरची नाही. लाल तिखट पाव किलो, वेगळं. म्हणाले तिथले लोक तिखट खातात का ते तुम्हाला माहीत नाही, मग मसाल्यात मिरची कशाला कालवायची, एकदा कालवली की काढता येत नाही, तुम्हाला हवी तेवढी वरून घाला. मेतकूट पाव किलो, आमसुलं पाव किलो, मोहरी थोडी, आणि हिंग, अर्धा पूड आणि अर्धा खडा. खडे मसाल्याच्या पाकिटात टाकायला, म्हणजे टिकतो, आपल्या आज्या करायच्या तसं.

आणि पॅकिंग! काळ्या मसाल्याची एक पिशवी नाही केली, ५० ग्रॅमची दहा पाकिटं केली, जाड पाऊचमध्ये सील करून. एक फोडायचं, बाकीची बंद. त्यांच्या सूनबाईंनी सगळ्यावर हाताने नाव आणि तारीख लिहिली आणि बाहेरून मांजरपाटाची पिशवी शिवून दिली, दोरीवाली. ती पिशवी मी मागितली नव्हती, मी फक्त बोलता बोलता म्हणाले होते की टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि विमानतळावरच काढून ठेवायला लावतात. सीलबंद खाण्याच्या पाकिटांना चालतं, कॅरीबॅग चालत नाही. आपल्याकडे २०१८ ला बंदी आली ती आपल्याला माहीतच आहे कशी पाळली जाते, तिकडे बऱ्यापैकी पाळतात. सूनबाईंनी ते ऐकलं आणि मशीनवर बसल्या. त्या पिशवीतून मी आता बाजारातून टोमॅटो आणते.

एकूण दोन किलोच्या आत वजन, १,४६० रुपये झाले. त्या पॅकचे ४,२०० गेले होते.

आता तिकडचं. मी राहते ती जागा मोशी शहरापासून डालाडालाने तासभर, वर डोंगराच्या अंगाला. डालाडाला म्हणजे आपल्या काळीपिवळीसारखी मिनीबस, तेवढीच भरते. डोंगर म्हणजे किलिमांजारो, ५,८९५ मीटर, सकाळी सहाला स्वच्छ दिसतो, नऊला ढगात जातो. सगळीकडे केळीच्या बागा, त्याखाली कॉफी, केळीतून जाणारे पाण्याचे पाट, पहिल्या दिवशी मला आपल्या त्र्यंबकच्या पावसाळ्याची आठवण झाली, हिरवं आणि ओलं. शहरात तीनचाकी रिक्षा दिसल्या, तिकडे रिक्षाला बजाजी म्हणतात, आपल्या बजाजवरून, तो शब्द ऐकून मी ड्रायव्हरला सांगितलं की ही गाडी आमच्या राज्यातल्या कंपनीची, तर तो म्हणाला मग तुम्हीच चालवा.

भाषेचं सांगते, कारण मला वाटायचं हेच सगळ्यात अवघड जाईल. स्वाहिली ऐकायला परकी वाटते पण शब्द सुटे केले की ओळखीचे निघतात. दुकान म्हणजे दुका. सरकार म्हणजे सेरिकाली. विमा म्हणजे बिमा. चहा चाय, चपाती चपाती, पैसा पेसा, रंग रांगी, कारण म्हणजे सबाबू, पण म्हणजे लाकिनी. वेलची इलिकी, दालचिनी म्दालासिनी. माझा विषय गणित, त्याला हिसाबाती. हे सगळं अरबी समुद्रावरून शिडाच्या गलबतांनी नेलंय, काही आपल्याकडून, काही अरबांकडून, शेकडो वर्षं, आणि मला वाटत होतं मी कुठल्या कुठे चाललेय. एक शब्द मात्र सवय व्हायला वेळ लागला, मामा म्हणजे आई. बाईला मूल झालं की तिला मुलाच्या नावाने मामा अमुक म्हणतात, माझ्या शेजारच्या बाई अशाच, त्यांना सगळी गल्ली मुलीच्या नावाने मामा म्हणून हाक मारते, आणि मला दर वेळी आधी माझे मामा आठवायचे.

मोठ्यांना भेटलं की शिकामो म्हणायचं, त्यांनी मराहबा म्हणायचं. पहिल्या दिवशी वर्गात गेले तर ६२ मुलं एकदम उभी राहिली आणि "शिकामो म्वालिमू", म्वालिमू म्हणजे शिक्षक. त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे, ते स्वतः शिक्षक होते, त्यांना अजूनही सगळे नुसतं म्वालिमू म्हणतात. शिक्षकाला तिकडे काय मान आहे ते यावरून कळतं. आणि तरी त्या वर्गात खरी अडचण काय, तर मुलं सात वर्षं प्राथमिक शाळा स्वाहिलीतून शिकतात आणि फॉर्म वन म्हणजे आठवं वर्ष लागलं की सगळं इंग्रजीतून. आपल्याकडे मराठी माध्यमातून सेमीला गेलेली मुलं जशी पहिले सहा महिने गप्प होतात ना, अगदी तसेच चेहरे. गणित येतं, प्रश्न कळत नाही. मी चार शब्द आधी पाठ केले, जुमलिशा बेरीज, तोआ वजाबाकी, झिदिशा गुणाकार, गावान्या भागाकार, आणि फळ्यावर इंग्रजीच्या खाली लिहायला लागले. एक मुलगी तिसऱ्या बाकावरची, तीन आठवडे तोंड उघडलं नव्हतं, तिने हात वर केला. त्या दिवशी मला वाटलं आता आपण इथे राहू शकतो.

वेळेचंही सांगते, कोणी जाणार असेल तर लक्षात ठेवा. तिकडे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, त्याला "साआ मोजा" म्हणतात. मला स्टाफ मीटिंग साआ न्ने म्हणजे चार वाजता सांगितली, मी दुपारी चारला गेले, मीटिंग सकाळी दहाला झालेली. पहिलीच मीटिंग चुकली, मला फार वाईट वाटलं, हेडमास्तर काही बोलले नाहीत, फक्त पोले म्हणाले, पोले म्हणजे तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं, तिकडे कोणाला ठेच लागली तरी सगळे पोले म्हणतात.

बाकी छोट्या गोष्टी, वीज प्रीपेड, वीस आकडी टोकन मीटरमध्ये दाबायचं, पैसे सगळे मोबाईलवरून, प्लग तीन चौकोनी पिनांचा, गॅसची टाकी सहा किलोची मिळते ती एकटीला बरी.

आणि जेवण. शाळेत दुपारी माकांदे, म्हणजे मका आणि राजमा एकत्र शिजवलेलं, चांगलं लागतं, पोट भरतं. घरोघरी उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याच्याबरोबर म्चिचा, म्हणजे आपला माठच, कांदा टोमॅटोवर परतलेला. बाजारात पहिल्या शनिवारी गेले आणि काकांचा तो कागद डोळ्यासमोर आला. तूर होती, अख्खी, ढिगाने. चवळी होती, मूग होते, चिंच होती, तिळ, शेंगदाणे, ओला नारळ. गूळ होता, त्याला सुकारी गुरू म्हणतात! आणि एका बाईच्या पुढ्यात टोपलीत नागली. मी खाली बसून हातात घेतली. तीच लाल, तीच बारीक. त्याची पेज करून सकाळी पितात, उजी, लहान मुलांना तर आधी तीच देतात, आपण नागलीचं सत्त्व देतो तसंच. नागली मुळातली पूर्व आफ्रिकेचीच, तिथून आपल्याकडे आलेली. मी जर इथून तीन किलो पीठ वाहून नेलं असतं तर ते तिच्या माहेरी नेलं असतं.

पण पहिले दीड महिने मी नीट जेवत नव्हते हेही खरं आहे. उगालीला चव कशाची लावायची कळत नव्हतं, रेडी टू ईटची पाकिटं फोडून खायचे, ती संपत आली तशी रडू यायला लागलं. रात्री साडेसातला तिकडे अंधार, इकडे तेव्हा दहा वाजलेले, घरचे झोपायच्या तयारीत, फोन तरी किती करणार. मला कोणी त्रास दिला नाही, उलट सगळे करिबू करिबू (म्हणजे या, या) करत होते, तरी रात्री जेवायला बसलं की घशाशी यायचं.

मग एका रविवारी बाजारातली ती अख्खी तूर आणली, रात्रभर भिजवली, शिजवली. काकांचं पहिलं पाकीट फोडलं. मोहरी, हिंग, दोन चमचे काळा मसाला, तिथलीच चिंच, तिथलाच गूळ. खोबरं हवं होतं, शेजारच्या मामांकडे खवणी मागायला गेले, तिकडे खवणी म्हणजे छोटा बसायचा पाट आणि पुढे लोखंडी दातेरी जीभ, त्याला म्बुझी म्हणतात, म्हणजे शेळी. त्यांनी मला उठवलं, स्वतः बसल्या आणि दोन मिनिटांत नारळ खवून दिला. त्याही म्बाझी करतात, नारळाच्या दुधात, मऊ, पांढरट, मसाला जवळजवळ नाही. माझी आमटी उकळायला लागली तसा वास बाहेर गेला आणि त्या दारात आल्या, "होडी", तिकडे दारात उभं राहून असं विचारतात, आपण करिबू म्हणायचं. वाटी दिली. त्यांनी उगाली आणली. आम्ही दोघी ओट्यावर बसून जेवलो, उगालीचा गोळा हाताने दाबून मध्ये अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात आमटी घ्यायची, हे त्यांनी मला त्या दिवशी शिकवलं. तिखट मी घातलं नव्हतं. घातलं असतं तर त्यांना दुसरा घास घेता आला नसता, तिकडे तिखट ताटाच्या कडेला वेगळं ठेवतात, ज्याला हवं तो घेतो. काका म्हणाले होते तेच, एकदा कालवली की काढता येत नाही.

त्यानंतर दर रविवारी. कधी राजमा, कधी चवळी, कधी कच्च्या केळ्याची भाजी काळ्या मसाल्याची, ती तर त्यांच्याकडच्या कच्च्या केळ्यांना इतकी छान लागते की मी आता इथे नाशिकला करून बघितली तर तशी होत नाहीये. मेतकूट उजीत घालून बघितलं, चाललं. शाळेतल्या एका सरांच्या भावाची तुरीची शेती आहे, ते एकदा जेवायला आले तेव्हा सांगत होते, २०१७ ला आपल्या सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि तिकडे भाव पार पडले, भावाने पीक तसंच घरात ठेवलं. आपल्या वरणाची डाळ कुठून येते याचा मी ५० वर्षांत विचार केला नव्हता. लासलगावच्या कांद्याचं आपण रोज ऐकतो, निर्यातबंदी झाली की आपले शेतकरी काय म्हणतात ते माहिती आहे, हे सर अगदी तसंच बोलत होते.

आता दुकानातल्या कमी गोष्टी पण सांगते, नाहीतर म्हणाल नुसतं कौतुक. एक, पाकिटांवरची शाई. सूनबाईंनी साध्या पेनाने लिहिलं होतं, पावसाळ्यात ओल लागून चार पाकिटांवरचं नाव गेलं, मेतकूट आणि काळा मसाला वासावरून ओळखायला लागला. यावेळी मी स्वतः मार्कर नेऊन दिला. दोन, एका पाऊचचं सील नीट बसलं नव्हतं, त्यातला मसाला मे महिन्यात गुठळ्या होऊन गेला, दहातलं एक. सांगितलं तर काकांनी यावेळी एक पाकीट जादा दिलं, पैसे घेतले नाहीत. तीन, तिथे गाडी लावायला जागा नाही, दुचाकी पण मुश्किल, गाडी लांब लावून चालत जा. दुपारी दोन ते चार बंद. कार्ड चालत नाही, फोनवरून पैसे देता येतात. आणि घाईत असाल तर जाऊ नका, काका बोलतात, विचारतात, निवडत निवडत बोलतात, अर्धा तास धरून चाला. कुरियरने बाहेरदेशी पाठवायचं काम ते करत नाहीत, माझ्या भावाने एका कुरियरवाल्याकडून ऑगस्टमध्ये फराळाचा डबा पाठवला होता तो सात आठवडे अडकून शेवटी आलाच नाही, त्यामुळे जे न्यायचं ते स्वतःच्या बॅगेत न्या. बिया, रोपं, ताजी फळं मात्र नेऊ नका, त्याला वेगळे दाखले लागतात, मी कढीपत्त्याचं रोप न्यायचं म्हणत होते, काकांनीच थांबवलं.

या वेळी येताना मी मोशीच्या बाजारातून पाव किलो लवंग आणली काकांसाठी. कागदाच्या पुडीत, तिकडे काराफू म्हणतात. दुकानात गेले, पुडी समोर ठेवली, काही बोलले नाही. त्यांनी उघडली, एक लवंग नखाने दाबली, तेल सुटतं का बघितलं, वास घेतला, मग एक दाताखाली धरून बराच वेळ गप्प. आणि सूनबाईंना हाक मारली, "इकडे ये, ही बघ, बोडकी एक नाही." मग त्यांच्या पोत्यातली आणि ही शेजारी शेजारी ठेवून आम्ही तिघं बघत बसलो, तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली त्यांनाही दाखवली. त्यातली अर्धी काकांनी बरणीत वेगळी ठेवली आणि अर्धी माझ्या या वेळच्या मसाल्यात घातली, म्हणजे ती परत तिकडेच चालली.

यावेळची यादी मी स्वतः केली, काकांनी काही कापलं नाही. काळा मसाला पाऊण किलो, बिनमिरचीचा, कारण शेजारच्या मामांना स्वतःला एक पाकीट हवंय आणि हेडमास्तरांच्या बायकोला एक. लाल तिखट १०० ग्रॅम फक्त, गेल्या वेळचं उरलंय. हिंग जास्त. मेतकूट तेवढंच. आमसुलं नाहीत, तिकडे चिंच भरपूर आहे. भाजणी, डाळ, गूळ, पोहे काही नाही. बॅगेतली उरलेली जागा कंपासपेट्यांना, ६२ नाही मावल्या, ४० मावल्या, काही मुलांना जोडीत एक देईन.

परवा डंक चालू करून त्यांनी मसाला कुटला, थंडीत एकट्या माझ्यासाठी, सूनबाईंनी पिशव्या शिवायला घेतल्यात, या वेळी तीन, एक माझी आणि दोन त्या दोघींना. आज संध्याकाळी आणायला जायचंय, काका म्हणाले सातच्या आत या, मार्कर आणा, नावं तुम्हीच लिहा.